मुलाखतीच्या टेबलापलीकडच्या सर-मॅडमना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षणसंस्थांच्या निवड समित्यांवर बसणारे सर्व मान्यवर,

सप्रेम नमस्कार.

मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे प्रूफरीडर. लग्नपत्रिकेपासून पीएच.डी.च्या प्रबंधापर्यंत या शहरात जे काही छापलं जातं त्यातलं थोडंफार माझ्या टेबलावरून जातं आणि त्यातल्या चुका काढायचे मला पैसे मिळतात. तेव्हा 'शुद्धलेखन हवंय कशाला' असा सूर मी लावीन, अशी भीती किंवा आशा कुणी बाळगू नये. चुका दिसल्या की माझं डोकं उठतं. बिंदू चौकातून महाद्वार रोडकडे निघालं की 'हार्दीक शुभेच्छा', 'जेष्ठ नेते', 'अभिष्टचिंतन', 'क्रिडा महोत्सव' असं सगळं ओळीनं वाचत जावं लागतं, कारण डोळे मिटून दुचाकी चालवता येत नाही. मार्चमध्ये 'जागतिक महिला दीन' असा फलक लागतो तेव्हा तर काय म्हणावं सुचत नाही. लिहिणाऱ्याला 'दिन' म्हणायचं होतं. वेलांटी चुकली आणि बायकांची परिस्थिती मात्र बरोबर छापली गेली.

तर मला चीड येते आणि ती येत राहणार. त्या चिडीपायी कुणाचं नुकसान व्हावं आणि कुणाचं होऊ नये, एवढ्यापुरतंच तुमच्याशी बोलायचं आहे.

माझ्याकडे टायपिंगला असलेल्या एका मुलीला मध्यंतरी तुमच्यापैकी एका संस्थेनं मुलाखतीला बोलावलं होतं. संस्थेचं नाव घेत नाही. घेतलं तर बाकीच्यांना आपण सुटलो असं वाटेल. पद ग्रंथालय परिचराचं. मुलगी पन्हाळ्यापलीकडच्या एका वाडीतली, घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच. 'कशी आलीस?' असं विचारल्यावर ती म्हणाली, 'पहिल्या एसटीनं आलो, सर.' त्यावर समितीतल्या एकांनी शेजारच्यांकडे बघत विचारलं, 'आलो? मुलगा आहेस की मुलगी?' टेबलापलीकडं हशा झाला. मग अर्जातल्या 'परिक्षा' या शब्दावर बोट ठेवून, मराठी माध्यमात शिकून ही गत, असंही ऐकवून झालं. पुस्तकांचे क्रमांक कसे लावतात, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळं तिनं मला सांगितलं. तेही 'मी गेले होते, मी म्हणाले' असं एकेक क्रियापद चाचपून, मध्ये थांबत. एरवी दिवसभर धबधब्यासारखी बोलणारी पोरगी.

आधी त्या 'आलो'चं बघू.

कोल्हापुरात बायका 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' म्हणतात. मंगळवार पेठेत म्हणतात, कागलात म्हणतात, राधानगरीच्या डोंगरातही म्हणतात. पुण्याच्या हॉस्टेलवर गेलेल्या आमच्या बहुतेक मुलींना यावरून कुणी ना कुणी चिडवलेलं असतं. चिडवणाऱ्याला वाटतं, यांना स्त्रीलिंग-पुल्लिंग कळत नाही. पण 'ती आली' आणि 'तो आला' यांत कोल्हापूरची बाई कधी घोटाळा करत नाही. स्वतःबद्दल बोलताना तेवढं ती लिंग दाखवत नाही. आता प्रमाण मराठीचं बघा. 'आम्ही आलो' हे बायकांच्या घोळक्यानं म्हटलं काय नि अख्ख्या तालमीनं म्हटलं काय, क्रियापद तेच राहतं. 'मी येईन' हेही दोघांचं एकच. म्हणजे बोलणाऱ्यानं स्वतःचं लिंग दर वाक्यात जाहीर करावं, असा हट्ट प्रमाण मराठीसुद्धा सगळीकडे धरत नाही. एकवचनात आणि काही काळांत धरते. आमच्या बोलीनं तिथलाही सोडला. शेजारच्या कन्नडमध्ये 'नानु बंदे' हे बाईही म्हणते आणि पुरुषही. आपल्याकडं हे तिकडून आलं की आपलं आपण घडलं, हा अभ्यासकांचा प्रांत, मी त्यात पडत नाही. मला एवढंच दिसतं की जी गोष्ट लाखो माणसांच्या तोंडी इतक्या नेमानं चालते, तिला चूक म्हणता येत नाही. त्या मुलीच्या घरी आई तसंच म्हणते, आजीही तसंच म्हणायची. मीही घरी 'जेवलो'च म्हणते. इथे 'लिहिते' असं लिहिते, कारण हे पत्र नांदेड-जळगावच्या माणसालाही बिनअडचण वाचता यावं.

आणि याच बोलीचा आपल्याला केवढा अभिमान! बाहेरचा पाहुणा आला की त्याला तांबडा-पांढरा पाजायचा आणि सोबत 'काय करालाईस भावा' ऐकवायचं. 'नाद खुळा' आपण टी-शर्टवर छापतो, गाड्यांच्या काचांवर रंगवतो. संस्थेच्या स्नेहसंमेलनात कोल्हापुरी बोलीतल्या एकांकिकेला तुम्हीच पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवता. तीच बोली मुलाखतीच्या खोलीत एका वाडीतल्या मुलीच्या तोंडून आली की अडाणी कशी ठरते?

अर्जातली 'परिक्षा' ही मात्र चूक आहे. त्यात दुमत नाही. तो अर्ज आधी माझ्याकडे आला असता तर मी खूण केली असती. पण ती चूक कसल्या जातीची आहे ते जरा नीट बघू या, कारण तिच्यावरून तुम्ही एकदम 'ही गत'पर्यंत पोचलात.

मोठ्यानं म्हणून बघा: परीक्षा. आता म्हणा: परिक्षा. रोजच्या बोलण्यात दोन्ही सारखीच ऐकू येतात. कान इथे काही मदत करत नाही. मराठीचा स्वतःचा नियम असा की शब्दाचं शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ह्रस्व लिहायचा: किडा, विळी, महिना. संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दाला मात्र हा नियम लागत नाही, तो मुळात होता तसाच ठेवायचा: पूजा, परीक्षा, क्रीडा. म्हणजे 'किडा' ह्रस्व आणि 'क्रीडा' दीर्घ, आणि यातला फरक कळायला 'क्रीडा' हा शब्द संस्कृत आहे हे आधी ठाऊक पाहिजे. आमच्या पेठेतला फुटबॉलवेडा कार्यकर्ता 'क्रिडा महोत्सव' लिहितो तेव्हा खरं तर तो मराठीचा नियम बरोबर लावत असतो! शब्द मराठी नाही, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. 'कवी', 'गुरू' हे संस्कृतात ह्रस्व. मराठीत एकटे आले की दीर्घ. समासात गेले की पुन्हा ह्रस्व, कविमन, गुरुकुल. आणि 'आणि' पुन्हा या सगळ्याला अपवाद. मला हे पाठ आहे कारण माझं पोट त्यावर चालतं. तुमच्या समितीतल्या रसायनशास्त्राच्या सरांना पाठ असेल का? नसावं, आणि नसलं तरी ते उत्तम सर असू शकतात.

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकं होती, स्तोत्रं होती, तिथलं पोर 'परीक्षा'तली दुसरी वेलांटी डोळ्यांनी उचलतं. नियम त्यालाही सांगता येत नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याआधी अक्षर कुणाच्या घरात होतं नि कुणाच्या नव्हतं, हे कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. दसरा चौकातली निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीची बोर्डिंगं कशासाठी उभी राहिली, हेही नको. तेव्हा एका वेलांटीवरून तुम्ही उमेदवाराची हुशारी मोजायला जाता आणि बऱ्याचदा तिच्या आजोबांची शाळा मोजून परत येता.

सगळ्याच चुकांना ही सवलत मी देणार नाही. आपल्या गावाचंच नाव घ्या. कोल्हापूर, पण कोल्हापुरात, कोल्हापुरी. प्रत्यय लागला की 'पू'चा 'पु' होतो. मूळ-मुळात, फूल-फुलं, जमीन-जमिनीचा, सगळं याच चालीनं. हा नियम अस्सल मराठी आहे, नीट कान दिला तर ऐकूही येतो आणि एका तासाला शिकवून होतो. तरी दुकानांच्या पाट्यांवर 'कोल्हापुर' आणि बातम्यांत 'कोल्हापूरात' आहेच. यात संस्कृतचा दोष नाही, आपल्या शाळांचा आहे, म्हणजे तुमचाही.

जो नियम आज दगडावरची रेघ वाटतो, तो केव्हा झाला हेही ध्यानात असू द्यावं. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनानं १९६२ साली मान्य केले. १९७२ साली आणखी ४ आले. १९६२ हे आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या स्थापनेचंही साल. त्याआधी शिकलेला माणूस 'नांव', 'कांहीं', 'घरांत' असं लिहायचा आणि तसा अनुस्वार दिला नाही तर मास्तरांचा मार खायचा. नियम बदलले आणि ज्या अनुस्वारासाठी त्यानं मार खाल्ला तोच चूक ठरला. जुने दस्त टाइप करून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. त्यातलं वळणदार अक्षर, रेखीव भाषा बघत राहावी अशी असते, आणि आजच्या नियमानं ओळीओळीला लाल खूण पडेल. २००९ साली शासनानं पुन्हा निर्णय काढून वर्णमाला आणि 'ल', 'श' या अक्षरांची वळणंसुद्धा ठरवून दिली. रस्त्यानं डावीकडून जायचं असं ठरलेलं असतं, तसंच हे. सगळ्यांच्या सोयीसाठी ठरलं आहे, म्हणून पाळायचं. उजवीकडून गाडी घालणाऱ्याला मीही हटकीन. त्याच्या अकलेचा, घरच्या वळणाचा अंदाज तेवढ्यावरून बांधणार नाही.

अर्ज भरायच्या यंत्राबद्दलही थोडं. 'दुसर्या', 'नोकरीच्या वार्या' असलं अर्जात दिसलं की तुम्ही कपाळाला हात लावता. कोल्हापुरात कुणी 'दुसर्या' असं तोंडानं म्हणत नाही हो. तो अर्धा ऱ फोनच्या कीबोर्डवर कुठं दडलेला असतो, हे बहुतेकांना सापडतच नाही. (त्यानं अर्थ बिघडतो, हे मान्य. जेवणाची ऑर्डर आचाऱ्यांऐवजी आचार्यांना दिलेली मी वाचली आहे. दऱ्या आणि दर्या यांतही डोंगराएवढं अंतर.) संगणकावर नीट अक्षरजुळणी शिकलेल्यालाच हे जमतं. शिवाय फोन स्वतःच शब्द सुचवतो आणि लोकांचं चुकीचं टाइप केलेलं बघून तोही चुकीचंच सुचवायला लागतो.

आता त्या संस्थेनं तिला पाठवलेलं मुलाखतीचं पत्र. लेटरहेडवर, खाली सही-शिक्का. त्यात 'मुळ कागदपत्रांसह' आहे, 'शैक्षणीक अर्हता' आहे, 'हजर रहावे' आहे, आणि हो, 'परिक्षेची गुणपत्रके'ही आहे. टोमणा मारायला हे सांगत नाही. बरं, थोडा टोमणा आहेच. पण मुद्दा पुढचा आहे. ज्या लिपिकानं ते टाइप केलं त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो ज्यांनी न वाचता सही केली त्यांच्यावर. संस्थेकडे मराठीचे प्राध्यापक आहेत, पगार आहे, छापण्याआधी चार दिवस आहेत, दोघातिघांना वाचायला देण्याची सोय आहे. पोरीकडे रात्री नऊला रेंज येईल तसा भरलेला मोबाइलवरचा अर्ज आणि त्याच दिवशी संपणारी मुदत. ज्याच्या हाती चूक टाळायची साधनं जास्त, त्याची चूक मोठी धरायची, असा माझा हिशेब आहे. तुमच्या खोलीत तो बरोबर उलटा लावला गेला.

हे तुमच्याच संस्थांपुरतं नाही. सातबाऱ्यावर नाव लिहिताना कार्यालयातल्या माणसाकडून एक काना इकडचा तिकडं झाला की पुढं कर्जाला, वारसाला, आधारशी जुळवायला शेतकरी हेलपाटे घालतो. चूक कार्यालयाची, एसटीचं तिकीट शेतकऱ्याचं. त्या दुरुस्तीसाठी कायद्यात तरतूद आहे, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १५५, लेखनातल्या चुकांची दुरुस्ती. सरकारनं आपल्या हातून वेलांट्या चुकणार हे धरूनच कलम घालून ठेवलं, आणि त्यात चूक करणाऱ्याची लायकी काढलेली नाही. खात्री करायची, दुरुस्त करायचं, पुढं जायचं. उमेदवाराच्या अर्जाला असं एखादं कलम तुमच्याकडं असायला काय हरकत आहे? 'आपल्या अर्जात या दुरुस्त्या करून आणा' एवढं म्हटलं असतं तर ती जिन्यात बसून पाच मिनिटांत करून आली असती.

मग काहीच बघायचं नाही का, असं तुम्ही विचाराल. बघा की. मराठीचा शिक्षक घेत असाल तर कडक बघा. त्यानं 'परिक्षा' लिहिलं तर त्याचे गुण कापा, मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. त्याच्या लिहिण्यात 'तो मला बोलला', 'माझी मदत कर' असली हिंदीवरून उतरवलेली वाक्यं आली तर आणखी कापा. माझ्या मते वेलांटीपेक्षा हे जास्त वाईट, कारण इथे वाक्याचा सांगाडाच परका होतो. बातमीदार घेताना, प्रूफरीडर घेताना, कार्यालयात पत्रव्यवहार सांभाळणारा घेताना लेखन तपासलंच पाहिजे. ते तपासायची रीत मात्र हवी. जाहिरातीतच लिहा की लेखनाला इतके गुण आहेत. एक उतारा द्या, अर्धा तास द्या, कागद तपासा, गुण मांडा. प्रयोगशाळेच्या परिचराला ॲसिडची बाटली कशी उचलायची ते विचारा, ग्रंथालयाच्या परिचराला पुस्तक जागेवर लावायला सांगा. त्यांच्या अर्जातल्या वेलांट्या मोजून तुम्हाला काय कळणार आहे?

आणि बोलण्याला हात लावू नका. शिक्षिकेच्या पदालासुद्धा. पाचवीच्या वर्गात सगळ्या पोरांच्या आया 'आलो' म्हणणाऱ्या असतील आणि बाईंनाही ते येत असेल, तर पोरं पहिल्या दिवशी तोंड उघडतील. बाईंना पुस्तकातलं 'आले'ही यायला हवं, हे बरोबर. ते बघायचं तर तिला खडू देऊन फळ्यासमोर उभं करा आणि एक पाठ घ्यायला सांगा. 'कशी आलीस' या प्रश्नाच्या उत्तरात ते शोधू नका. तो प्रश्न आपल्यात पाहुण्याला पाणी देताना विचारतात.

आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. मी पहिल्यांदा ज्या छापखान्यात बसले तिथल्या खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरनं मला ती लावली. चूक दिसली की ओळीत खूण करायची, समासात दुरुस्ती लिहायची, पान पुढं सरकवायचं. लेखकाबद्दल समासात एक अक्षर लिहायचं नाही, मग तो मोठा प्रोफेसर असो की बारशाची पत्रिका घेऊन आलेला हमाल. मी तेव्हा एका प्रबंधावर दोन उद्गारचिन्हं टाकली होती, इतकी भयंकर ती वाक्यं होती. त्या कंपोझिटरांनी खोडरबर दिला. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले होते आणि शिशाच्या खिळ्यांतला 'द्ध' कुठल्या खणात आहे हे न बघता सांगायचे. तुमच्या टेबलावरही अर्ज असतो, त्याला समासही असतो. खूण तिथं करा.

येत्या जून-जुलैत पुन्हा भरतीच्या जाहिराती निघतील. माझ्या विनंत्या फार नाहीत. लेखनाची चाचणी घ्यायची असेल तर तसं जाहिरातीत छापा, गुणांसकट. ज्या पदाला तिची गरज नाही तिथं घेऊ नका. अर्जात चूक दिसली तर ती दाखवा आणि दुरुस्त करू द्या. मुलाखतीत कुणी बोलीत उत्तर दिलं तर पुढचा प्रश्न विचारा.

आणि जाहिरात, मुलाखतीची पत्रं, नेमणुकीचे आदेश छापायला देण्याआधी कच्ची प्रत कुणाकडून तरी वाचून घ्या. कुणी नसेल तर माझ्याकडे पाठवा. संस्थांना दर नेहमीचाच, पानावर. उमेदवारांचे अर्ज मी फुकट बघते. संध्याकाळी सहानंतर यावं, सोमवार सोडून.

आपली,
एक मुद्रितशोधक,
कोल्हापूर